शिकाऊ उमेदवारी : हक्क कागदावर, हत्यार कोणाच्या हातात?

दलित तरुणाच्या पोटापाण्याचा प्रश्न आपल्या चळवळीत बहुधा दोन अंगांनी मांडला जातो. एक, कचेऱ्यांतल्या आणि महाविद्यालयांतल्या राखीव जागांचा, दुसरा, जमिनीचा. दोन्ही प्रश्न मोलाचे आहेत आणि त्यांसाठी आपण रक्त आटवले आहे. परंतु या दोहोंच्या मध्ये एक तिसरा हक्क पडून आहे आणि तो थेट कारखान्याच्या फाटकातून आत जातो. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यात १९७३ साली कलम ३-क घालण्यात आले. या कलमाने प्रत्येक मालकावर, मग तो सरकारी असो वा खाजगी, शिकाऊ उमेदवारांच्या जागांत अनुसूचित जाती आणि जमातींसाठी जागा राखून ठेवण्याचे बंधन घातले. खाजगी क्षेत्रात आरक्षण हवे, अशी मागणी आपण मोर्च्यांतून करतो. प्रशिक्षणाच्या जागांपुरते ते पन्नास वर्षांहून अधिक काळ कायद्यात आहे, हे मोर्च्यातल्या किती जणांना ठाऊक असते?

मी नगर जिल्ह्यात औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत जोडारी या व्यवसायाचा शिल्पनिदेशक म्हणून नोकरीला लागलो. पुढे शिकाऊ उमेदवारीच्या कामावर आलो आणि तेथूनच निवृत्त झालो. २०२४ साली जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले. मी नोकरी केली ती नगर जिल्ह्यात, म्हणून येथे नगरच म्हणतो. तीस वर्षे मुलांना कानस धरायला शिकवणे, कारखान्यांचे उंबरठे झिजवणे, करारपत्रे तपासणे आणि नोंदवह्या वाचणे हेच माझे काम होते. त्या कामातून जे समजले ते कार्यकर्ते, विद्यार्थी आणि शिक्षक यांच्यापुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे. समजले ते थोडक्यात असे : शिकाऊ उमेदवारीचा हक्क जागा भरल्याने पुरा होत नाही. पहिल्या तीन महिन्यांत मुलाच्या हातात कोणते हत्यार दिले जाते, यावर तो जगतो किंवा मरतो.

कौशल्य आणि जात

कसब हे जन्माने मिळते, शिकून नव्हे, हा आपल्या गावगाड्याचा पाया होता. लोहाराचा पोर भात्यापाशी बसून लोहार होई, सुताराचा पोर रंधा ओढत सुतार होई. त्याला कोणी प्रवेश देत नसे आणि परीक्षाही घेत नसे. महाराच्या वाट्याला जे काम होते त्यात राबणूक पुष्कळ होती. पण ज्याला गावाने कसब म्हणून मान दिला असे हत्यार नव्हते. मांगाचा दोर आणि चांभाराचे कातडे यांत कसब होते, तर त्यावर विटाळाचा शिक्का मारून ठेवला होता. जातीने केवळ कामाची वाटणी केली नाही, काम करणाऱ्या माणसांचीच वाटणी केली, हा बाबासाहेबांचा १९३६ सालचा विचार आपण सर्वजण सांगतो. त्याचा कारखान्यातला अर्थ असा की, या वाटणीत हत्याराचीही वाटणी होऊन गेली.

यंत्र आले म्हणजे ही वाटणी मोडेल, असे पुष्कळांना वाटले होते. तसे झाले नाही. मुंबईच्या कापड गिरण्यांत अस्पृश्य कामगार सूत काढण्याच्या खात्यात होता, पण विणाईच्या खात्याची दारे त्याला बंद होती. धोट्यात सूत ओवताना ते तोंडाने ओढावे लागे आणि तेथे विटाळ आडवा येई. पगार मात्र विणाईलाच अधिक होता. १९२८ च्या गिरणी संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे ठेवला, तो यासाठीच. फेब्रुवारी १९३८ मध्ये आपल्या जिल्ह्याच्या सीमेपलीकडे मनमाडला रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, हे त्या भाषणातले सूत्र आपल्या तोंडी असते. त्याच भाषणात बाबासाहेबांनी दुसरेही एक गाऱ्हाणे तपशिलाने मांडले होते. अस्पृश्य माणूस गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच संपतो. रेल्वेच्या वर्कशॉपात तो क्वचितच मेकॅनिक होतो, फोरमन तर होतच नाही. हे गाऱ्हाणे आपण सूत्राइतके पाठ केले नाही.

त्यानंतर चार वर्षांनी, ऑक्टोबर १९४२ मध्ये, व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खाते सांभाळत असताना त्यांनी अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे एक निवेदन व्हाइसरॉयला दिले. त्यात शिष्यवृत्त्या आणि नोकऱ्या यांच्या बरोबरीने आणखी एक मागणी होती : सरकारी छापखान्यांत आणि रेल्वेच्या वर्कशॉपांत अस्पृश्य मुलांना उमेदवार म्हणून घ्यावे. वकील आणि प्राध्यापक घडवण्याची ज्यांना तळमळ होती, त्यांनाच छापखान्यातला जुळारी आणि वर्कशॉपातला जोडारीही घडवायचा होता. आपल्या चळवळीने पहिली गोष्ट उचलली आणि दुसरी बाजूला राहिली, असे माझे स्पष्ट मत आहे.

नगरला या प्रश्नाचा एक जुना धागा आहे. एकोणिसाव्या शतकात येथे ठाण मांडलेल्या अमेरिकन मराठी मिशनने औद्योगिक शिक्षणाचे वर्ग काढले. विसाव्या शतकाच्या आरंभी मिशनचे इंजिनियर डी. सी. चर्चिल यांनी येथेच सुधारित हातमाग तयार केला. मिशनच्या आश्रयाला आलेल्यांत महार-मांग मोठ्या संख्येने होते. धर्मांतराविषयी कोणाचे मत काहीही असो. बापाचा धंदा न विचारता पोराच्या हातात रंधा देणारी जागा या जिल्ह्यात त्यातून उभी राहिली, ही गोष्ट नोंदली पाहिजे.

कायदा काय सांगतो

आता कायद्याकडे वळू. स्वातंत्र्यानंतर १९५० मध्ये केंद्र सरकारने कारागीर प्रशिक्षण योजना सुरू केली. आपण ज्याला आयटीआय म्हणतो ती संस्था या योजनेची. परंतु संस्थेतले यंत्र आणि कारखान्यातले यंत्र यांत फरक असतो. संस्थेत जॉब बिघडला तर निदेशक रागावतो. कारखान्यात बिघडला तर माल जातो. तो अनुभव मिळावा म्हणून १९६१ चा कायदा झाला.

या कायद्याने शिकाऊ उमेदवार हा एक वेगळाच माणूस निर्माण केला. कायद्याच्या भाषेत तो कामगार नव्हे, प्रशिक्षणार्थी आहे. मालक आणि उमेदवार यांच्यात लेखी करार होतो. उमेदवार अज्ञान असेल तर पालक सही करतो. हा करार शिकाऊ उमेदवारी सल्लागाराकडे नोंदवावा लागतो. पूर्वी त्यासाठी कागदांचे गठ्ठे घेऊन आमच्या कार्यालयात यावे लागे. आता नोंदणी पोर्टलवर होते. ठरलेल्या अभ्यासक्रमाप्रमाणे शिकवणे, त्यासाठी जाणता माणूस नेमणे, दरमहा विद्यावेतन देणे आणि प्रगतीची नोंद ठेवणे ही मालकाची जबाबदारी. मन लावून शिकणे, हजर राहणे आणि कायदेशीर आज्ञा पाळणे ही उमेदवाराची. मुदत संपल्यावर परीक्षा आणि प्रमाणपत्र. आयटीआय उत्तीर्ण मुलाला मुदतीत सूट मिळते.

काही कलमे प्रत्येक उमेदवाराने पाठ करावीत अशी आहेत. विद्यावेतन तुकड्यावर, म्हणजे किती नग काढले यावर, देता येत नाही. उत्पादन वाढवण्याच्या बक्षीस योजनेत उमेदवाराला ओढता येत नाही. सल्लागाराच्या मंजुरीवाचून जादा वेळ काम करून घेता येत नाही. अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी मालकावर आहे. करारातून तंटा उद्भवला तर तो सल्लागारापुढे नेता येतो आणि त्याच्या निर्णयावर तीस दिवसांत अपील करता येते. ही कलमे दयेची नाहीत. मुलगा शिकायला आला आहे, उत्पादन काढायला नव्हे, या एकाच तत्त्वातून ती निघाली आहेत.

२०१४ साली कायद्यात आणि २०१९ साली नियमांत मोठे बदल झाले. ३० किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेला उमेदवार घेणे बंधनकारक झाले. ४ ते २९ माणसे असतील तर ते ऐच्छिक राहिले. उमेदवारांची संख्या एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्क्यांच्या दरम्यान ठेवायची, आणि या मनुष्यबळात कंत्राटी कामगारही धरायचे. २०१९ च्या नियमांनी किमान विद्यावेतन शिक्षणानुसार दरमहा ५,००० ते ९,००० रुपये ठरवले. त्याआधी, २०१६ मध्ये, विद्यावेतनाचा काही भार केंद्र सरकारने उचलण्याची योजना सुरू झाली होती. दुसऱ्या बाजूला, मालकाने कायदा मोडला तर पूर्वी जी तुरुंगवासाची तरतूद होती ती २०१४ मध्ये काढून टाकण्यात आली. त्या दुरुस्तीने जागा रिकामी ठेवल्याबद्दल पहिले तीन महिने दरमहा ५०० रुपये आणि पुढे दरमहा १,००० रुपये दंड ठरवला. मोठ्या कारखान्याला हा दंड म्हणजे चहापाण्याचा खर्च.

कलम ३-क विषयी एक गोष्ट स्वतंत्रपणे सांगितली पाहिजे. राखीव जागांचे प्रमाण राज्यातील लोकसंख्येवर ठरते. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात अनुसूचित जाती ११.८ टक्के होत्या. परंतु अनुसूचित जाती म्हणजे कोण, हे या कलमाने संविधानावर सोपवले आहे, आणि संविधानाखालील यादीत बौद्धांचा समावेश १९९० मध्ये झाला. म्हणजे १९७३ ते १९९० ही सतरा वर्षे, कायद्याच्या अक्षरानुसार, ज्याने कागदावर स्वतःला बौद्ध लिहिले त्याला या केंद्रीय कायद्यातली राखीव जागा नव्हती. १९५६ ची दीक्षा ज्यांनी शाळेच्या दाखल्यापर्यंत प्रामाणिकपणे नेली, त्यांच्याच पोरांना फाटकाबाहेर उभे करणारी ही तरतूद होती. कारखाने वाढण्याच्या काळातली ही सतरा वर्षे आहेत, हे लक्षात घेतले म्हणजे नुकसान केवढे झाले ते समजेल.

जागा भरली, पुढे काय?

कागदावरचा हक्क असा आहे. आता फाटकाच्या आत जाऊ.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. जिल्ह्यातल्या एका कारखान्यात मी तपासणीला गेलो होतो. जोडारी व्यवसायाचे आठ उमेदवार पटावर होते, त्यांत तीन राखीव जागांवरचे. नोंदवह्या स्वच्छ होत्या. आठही वह्यांत त्याच तारखांना तीच कामे आणि त्याच सह्या होत्या. वह्या इतक्या सारख्या असल्या म्हणजे आमच्या धंद्यात संशय येतो. मी आठही जणांना एकेक तुकडा दिला आणि मायक्रोमीटरने मापून कागदावर आकडा लिहायला सांगितले. पाच जणांनी लिहिले. तिघांनी मायक्रोमीटर नीट धरला नाही, कारण तो त्यांच्या हातात कधी आलाच नव्हता. ते तिघे कोण, हे वाचकांना सांगायला नको. सहा महिने ते माल चढवणे, बर्र घासणे आणि यंत्रे पुसणे या कामांवर होते. त्यांतला एक मला हळूच म्हणाला, "सर, मशीन चालू असताना आमचा नंबर लागत नाही. बंद झाल्यावर पुसायला मिळतं."

मी सुपरवायझरला विचारले. तो माणूस वाईट नव्हता. तो म्हणाला, "साहेब, आम्ही जात विचारत नाही. ज्याला समजतं त्याला मशीन देतो."

या उत्तरात सगळा प्रश्न सामावलेला आहे, म्हणून त्याचा उलगडा केला पाहिजे. "समजतं" म्हणजे काय? त्या पाचांपैकी एकाच्या चुलत्याचे वर्कशॉप होते, दुसऱ्याच्या बापाची मोटार रिवाइंडिंगची टपरी होती, तिसऱ्याच्या घरी ट्रॅक्टर होता. लहानपणापासून ती पोरे पाने-पकडींशी खेळली होती. आमच्या तीन पोरांच्या घरी कोयता, फावडे आणि घमेले होते. पहिल्या दिवशी पाच पोरांना यंत्राची भीती वाटली नाही, तिघांना वाटली. सुपरवायझरने हे पाहिले आणि काम उरकण्याच्या घाईत पाचांना यंत्र दिले. दुसऱ्या दिवशी पाचांना थोडे अधिक समजले, म्हणून पुन्हा त्यांनाच दिले. सहा महिन्यांत आठ उमेदवारांचे पाच कारागीर आणि तीन हमाल झाले. कोणी शिवी दिली नाही की कोणी जात काढली नाही. गावगाड्याने पिढ्यान्‌पिढ्या केलेली हत्याराची वाटणी कारखान्याने सहा महिन्यांत पुन्हा करून दाखवली, आणि तिला "समज" असे नवे नाव दिले. एकलव्याचा अंगठा विद्या शिकल्यावर कापून घेतला होता. येथे अंगठा शाबूत आहे, हत्यारच हातात येत नाही.

उपाय साधा होता. कोणता उमेदवार कोणत्या आठवड्यात कोणत्या यंत्रावर असेल, याचा तक्ता शॉपच्या भिंतीवर लावायला मी सांगितले. नोंदवहीवर सुपरवायझरच्या सहीबरोबर उमेदवाराचीही सही, आणि तीही रोजच्या रोज, असे ठरवले. तीन महिन्यांनी पुन्हा गेलो आणि पुन्हा तुकडे दिले. तिघांनीही आकडे लिहिले. वार्षिक परीक्षेत त्यांतले दोघे पहिल्या खेपेला उत्तीर्ण झाले, तिसरा दुसऱ्या खेपेला. या तक्त्यासाठी वेगळा कायदा लागला नाही की मोर्चा लागला नाही. कोणीतरी विचारणारे आहे, एवढे मालकाला दिसावे लागले.

मिस्त्री लोकांविषयीही बोलले पाहिजे. कसबी माणूस हातचे राखून शिकवतो, ही सर्व जातींतली तक्रार आहे. शेवटचा हात कसा फिरवायचा, टूलला धार कोणत्या कोनात द्यायची, हे तो आपल्या माणसाला सांगतो. त्याचे आपले माणूस कोण, हे बहुधा डबा खायला कोण शेजारी बसते त्यावर ठरते. म्हणून मी मुलांना सांगत असे की, जेवणाच्या सुट्टीत वेगळा कोपरा धरू नका. अपमान होईल या भीतीने वेगळे बसणे मी समजू शकतो. पण निम्मे शिक्षण त्या अर्ध्या तासात होते.

फाटकापर्यंत पोचणेच ज्यांना जमत नाही

हे झाले आत गेलेल्यांविषयी. आपल्या जिल्ह्यात फाटकापर्यंत न पोचणारेच अधिक. जिल्ह्याच्या उत्तरेला प्रवरा, मुळा आणि गोदावरीचे पाणी, ऊस आणि साखर कारखाने. प्रवरानगरचा सहकारी कारखाना १९५०-५१ च्या हंगामात सुरू झाला, त्यानंतर एकामागून एक उभे राहिले. दक्षिणेला पाथर्डी, कर्जत, जामखेड या भागांत दुष्काळ ठरलेला. तिकडची कुटुंबे दिवाळीच्या सुमाराला मुकादमाकडून उचल घेऊन ऊसतोडीला निघतात. आयटीआयचे वर्ग ऑगस्टमध्ये सुरू होतात. पोराने तीन महिने कानस चालवली की कोयत्याची वेळ येते. पाथर्डीकडच्या एका बापाने मला सरळ विचारले होते, "सायेब, पोरगं कोयत्याला धरलं तर उचल वाढती. तुमच्या शाळंत धाडलं तर काय मिळतं?" या प्रश्नाला शिक्षणाचे महत्त्व हे उत्तर नाही. वसतिगृहातली जागा, एसटीचा पास आणि वेळेवर येणारी शिष्यवृत्ती हेच उत्तर आहे. शिष्यवृत्ती मार्चनंतर आली, तर तोवर पोरगा ऊसतोडीवर असतो.

१९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीची कामे निघाली आणि १९७७ मध्ये महाराष्ट्राने त्याचा कायदा केला. कामाचा हक्क कायद्याने देणारे हे पाऊल मोठेच होते. परंतु त्या कायद्याने दिलेले काम अकुशल शारीरिक काम होते. दगड फोडणारी बाई कोणत्या शिरेवर घण मारायचा हे जाणत होती, नालाबांधाला दगड रचणारा उतार डोळ्यांनी मापत होता. सरकारी तक्त्यात दोघेही अकुशल. राबण्याचा हक्क मिळाला. कुशल होण्याचा हक्क शिकाऊ उमेदवार कायद्यात होता, पण तो कोणी वस्तीपर्यंत नेला नाही.

हा प्रश्न केवळ पगाराचा नाही. १ जानेवारी २०१३ रोजी नेवासे तालुक्यात सोनईजवळ मेहतर समाजातल्या तीन तरुणांचा खून झाला. आंतरजातीय प्रेमसंबंधाचा राग हे त्याचे कारण. पण त्यांना बोलावून नेण्यासाठी पुढे केलेले निमित्त सेप्टिक टाकीच्या कामाचे होते. जातीने लावून दिलेले काम माणसाला कोणाच्याही हाकेला ओ द्यायला लावते, इतका याचा अर्थ गंभीर आहे. हातात कसब आणि खिशात राष्ट्रीय प्रमाणपत्र असल्याने अत्याचार थांबतात, असा भाबडा दावा मी करणार नाही. पण ज्याला सुपा, चाकण किंवा वाळूज येथे कोठेही काम मिळू शकते, त्याच्यावर गावाची पकड ढिली होते, हे मी कुटुंबामागून कुटुंबात पाहिले आहे.

मुलींचा प्रश्न याहून अवघड. घरातली मंडळी कर्तन व शिवण या व्यवसायाला होकार देतात. वीजतंत्री किंवा यंत्र कारागीर म्हटले की गप्प होतात. ज्या मुली वीजतंत्री झाल्या त्यांच्याबाबत एकच अनुभव आला : एका वस्तीतून पहिली मुलगी गेली की पुढच्या वर्षी तिथून तीन अर्ज येतात. पहिलीला पाठवण्यासाठी मात्र कोणी कार्यकर्ती तिच्या आईजवळ बसावी लागते.

कायद्याची मर्यादा

या कायद्याचे मी येथे गोडवे गायले असे कोणी समजू नये. उमेदवार कामगार नाही, या तत्त्वाची दुसरी बाजू मालकांनी चांगली ओळखली आहे. कायम कामगाराची जागा रिकामी झाली की तेथे उमेदवार उभा करायचा; वर्ष संपले की त्याला निरोप देऊन दुसरा आणायचा. जो शिकण्यासाठी कामगार नव्हता, तो पगारासाठीही कामगार नसतो. उमेदवारी संपल्यावर नोकरी देण्याचे बंधन मालकावर नाही. २०१४ च्या दुरुस्तीने एवढेच म्हटले की, भरतीविषयी प्रत्येक मालकाने आपले धोरण ठरवावे.

सार्वजनिक उपक्रमांबाबत एक आधार आहे. उत्तर प्रदेशच्या राज्य परिवहन महामंडळातील उमेदवारांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये सांगितले की, बाकी गोष्टी समान असतील तर थेट भरतीत प्रशिक्षित उमेदवाराला पसंती द्यावी, त्याच्याकडून सेवायोजन कार्यालयाच्या शिफारशीचा आग्रह धरू नये आणि वयाचा विचार करताना प्रशिक्षणाचा काळ लक्षात घ्यावा. १ जून १९४८ रोजी पुणे-नगर मार्गावर पहिली एसटी धावली. त्या एसटीच्या कार्यशाळांत आणि वीज कंपन्यांत उमेदवारी केलेली आपली पुष्कळ मुले आहेत. भरतीची जाहिरात आली की त्यांनी हा निकाल अर्जासोबत जोडला पाहिजे.

अलीकडे आणखी एक गोंधळ झाला आहे. २०२४ मध्ये राज्य सरकारने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना काढली. सुरुवातीला सहा महिन्यांसाठी, शिक्षणानुसार दरमहा ६,०००, ८,००० आणि १०,००० रुपये विद्यावेतन त्यात होते. पैसे कोणाला नको असतात? पण कार्य प्रशिक्षण आणि शिकाऊ उमेदवारी एक नव्हे. व्यवसायाचा ठरीव अभ्यासक्रम, त्याची परीक्षा, राष्ट्रीय प्रमाणपत्र आणि कलम ३-क चे बंधन या चार गोष्टी १९६१ च्या कायद्यात आहेत. मुलाने सही करण्यापूर्वी, आपण कोणत्या कागदावर सही करतो आहोत, हे विचारले पाहिजे.

काय करता येईल

चळवळीने करावयाची कामे मोठी नाहीत, पण ती नेटाने करावी लागतील. नागापूर आणि सुपा या औद्योगिक वसाहतींतल्या आणि साखर पट्ट्यातल्या ज्या आस्थापनांत तीसहून अधिक माणसे आहेत, त्यांची यादी तालुकावार करावी. उमेदवारांच्या किती जागा आहेत, किती भरल्या, त्यांत कलम ३-क खाली किती, हे माहितीच्या अधिकारात सल्लागाराच्या कार्यालयाला विचारावे. एवढ्यावर थांबू नये. आत असलेल्या मुलांना महिन्यातून एकदा वस्तीतल्या विहारात किंवा शाळेत एकत्र बोलवावे आणि नोंदवह्या उघडायला लावाव्यात. या महिन्यात कोणते यंत्र चालवले, कोणते माप घेतले, कोणता जॉब एकट्याने पुरा केला, असे तीन प्रश्न विचारावेत. उत्तर येत नसेल तर तक्रार तेव्हाच करावी. वर्ष संपल्यावर केलेल्या तक्रारीचा उपयोग नसतो.

शिक्षकांनी आठवी-नववीतच मुलांना जवळचे वर्कशॉप दाखवावे आणि पकड-पाना हाताळू द्यावा. यंत्राची भीती वयाच्या तेराव्या वर्षी एका दुपारी जाते. अठराव्या वर्षी तिला सहा महिने लागतात, आणि तेवढ्यात सुपरवायझरचे मत बनून गेलेले असते. विद्यार्थ्यांनी आयटीआय म्हणजे नापासांची जागा, ही समजूत टाकून द्यावी. हाताने काम करणाऱ्याला कमी लेखण्याची सवय आपल्याला वर्णव्यवस्थेनेच लावली आहे. तिचा वारसा आपण का चालवावा?

कार्यालयातल्या खुर्चीवरचा आपला हक्क आपण सोडता कामा नये. त्याचबरोबर, ज्या कारखान्यांत आपल्या पिढ्यांनी माल चढवला आणि फरशी पुसली, त्याच कारखान्यांत चालू यंत्राचा हँडल धरण्याचा हक्कही आपलाच आहे. तो कायद्यात लिहिलेला आहे. भिंतीवरच्या तक्त्यात तो लिहिला जातो की नाही, हे तपासायला आता आपली माणसे फाटकाशी उभी राहिली पाहिजेत.